वाचकांचे प्रश्न : बूट पार्टिशन भरले, नवा कर्नल कुठे ठेवायचा?

लिनक्सविषयी या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात, म्हणून हे सदर या अंकापुरते त्याच विषयाला दिले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात आणि आडव्या रेघा व तिरप्या रेघा जशा छापल्या आहेत तशाच ठेवाव्यात.

प्रश्न : आमचे सार्वजनिक वाचनालय समुद्रपूर तालुक्यात आहे. ग्रंथांची नोंद आम्ही कोहा या प्रणालीवर ठेवतो आणि ती ज्या संगणकावर चालते त्यावर उबंटू २२.०४ हे लिनक्स आहे. संगणक बसवून देणाऱ्या मुलाने पूर्ण डिस्कला पासवर्ड लावून दिला होता. तो आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो. इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते, त्यामुळे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवले आहे आणि डेटा शिल्लक असेल तेव्हा मीच ते हाताने करते. मागच्या आठवड्यात अपडेट मध्येच थांबले आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी ओळ आली. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये चारशेहून अधिक जीबी मोकळी दिसते, मग जागा संपली म्हणजे नेमके काय संपले? आता दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर बसवायला गेले तरी हीच ओळ येते. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला तर सुटेल का?
— ग्रंथपाल, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. संगणक आत्ताच रीस्टार्ट करू नका. या घडीला तो जुन्या कर्नलवर, म्हणजे उबंटूच्या जुन्या गाभ्यावर, नीट चालू आहे, कोहाही चालू असेल. नवा कर्नल मात्र अर्धवट बसलेला आहे, आणि सुरू होताना संगणकाने तोच उचलला तर तो मध्येच अडकू शकतो. लोडशेडिंगमुळे तो आपोआप बंद पडलाच, तरी घाबरण्याचे कारण नाही. संगणक सुरू होताना कर्नल उचलणारा कार्यक्रम म्हणजे ग्रब, त्याच्या मेनूतून जुना कर्नल निवडता येतो, ती रीत पुढे घाटंजीच्या पत्राच्या उत्तरात दिली आहे.

आता जागेविषयी. डिस्कला पासवर्ड लावला की तिच्यावरचे सगळे कुलूपबंद होते. पण पासवर्ड विचारणारा कार्यक्रमच कुलपाच्या आत ठेवला तर तो सुरू कोण करणार? म्हणून उबंटूचा इन्स्टॉलर डिस्कच्या सुरुवातीला एक छोटे, कुलूप नसलेले पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) वेगळे काढतो आणि ते ‘/बूट’ या नावाने जोडतो. जुन्या आवृत्त्यांत ते पाव ते अर्धा जीबी असे, पुढे सुमारे ७०० एमबी झाले. आपल्या चारशे जीबी मोकळ्या जागेचा या पार्टिशनला काडीचाही उपयोग नाही. ‘डीएफ -एच /बूट’ ही आज्ञा दिलीत तर तिथे ९९ किंवा १०० टक्के असा आकडा दिसेल.

एका कर्नलसोबत या पार्टिशनमध्ये चार फायली येतात. व्हीएमलिनझ हा खुद्द कर्नल साधारण १५ एमबीचा, सिस्टिम मॅप सुमारे ९ एमबीची, आणि कॉन्फिग नावाची फाईल नगण्य. जागा खाते ती चौथी, इनिटआरडी. संगणक सुरू होताना डिस्क ओळखणे, पासवर्ड विचारणे, पडद्यावर काही दाखवणे, यांसाठी लागणारे ड्रायव्हर आणि फर्मवेअर या एका फायलीत दाबून भरलेले असते. उबंटू ही फाईल आपल्याच संगणकापुरती न बनवता बहुतेक कोणत्याही संगणकावर चालेल अशी बनवते आणि फर्मवेअर वर्षागणिक फुगत चालले आहे, त्यामुळे ती ७०–८० एमबीपासून शंभराच्या वरही जाते. म्हणजे एका कर्नलमागे शंभर एमबी धरा. सात-आठ महिने जुने काहीच काढले नाही तर सातशे एमबी कुठे गेले, हे वेगळे सांगायला नको.

जुना कर्नल आपोआप पुसला का जात नाही, हेही पाहू. ब्राउझर अपडेट झाला की नवा जुन्याच्या जागी बसतो. कर्नलचे तसे नाही. ६.८.०-४५ आणि ६.८.०-४७ ही उबंटूच्या लेखी दोन स्वतंत्र पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे दोन वेगळे गठ्ठे, आहेत, कारण नवा कर्नल एखाद्या यंत्रावर चाललाच नाही तर परत जायला जुना हाताशी असावा लागतो. हे धोरण योग्य आहे. अडचण आहे ती क्रमाची. भाव वाढेल म्हणून गेल्या वेचाईचा कापूस घरातच राहिला आणि पुढच्या वेचाईचा दारात आला, की मागचा विकल्याशिवाय पुढचा ठेवायला खोली उरत नाही. इथेही आधी नवा कर्नल पूर्ण बसतो आणि मगच जुना काढण्याची वेळ येते, त्यामुळे एका जादा कर्नलपुरती जागा नेहमी मोकळी असावी लागते.

आपोआप अपडेट चालू असते तर उबंटू नको असलेले जुने कर्नल त्यासोबतच काढत गेला असता. आपण ते बंद केले, डेटाच्या दृष्टीने ते बरोबरही होते, पण साफसफाईही त्याबरोबर बंद झाली. ही साफसफाई हाताने करायला डेटा अजिबात लागत नाही, कारण काढून टाकताना काहीच डाउनलोड होत नाही.

आता कामाला लागू. प्रथम ‘यूनेम -आर’ ही आज्ञा द्या. सध्या चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक येईल. तो कागदावर लिहून ठेवा, कारण या क्रमांकाच्या कोणत्याही फायलीला आज हात लावायचा नाही. मग ‘एलएस -एलएच /बूट’ देऊन कोणकोणत्या क्रमांकांचे कर्नल साठले आहेत ते पाहा. नावाच्या शेवटी ‘.ओल्ड-डीकेएमएस’ असलेल्या फायली आढळल्या, तर त्या डीकेएमएस या ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाच्या जुन्या सवयीचा केरकचरा आहे आणि हाताने पुसल्या तरी चालतात. या पार्टिशनमध्ये हाताने पुसण्यासारखे बहुधा एवढेच असते.

त्यानंतर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही आज्ञा द्या. काढायच्या पॅकेजेसची यादी येईल. होकार देण्यापूर्वी ती सावकाश वाचा, कारण त्यात कर्नलखेरीज इतरही वस्तू असू शकतात आणि एखादी आपल्याला हवी असू शकते. चालू कर्नल, सर्वांत नवा आणि त्याच्या आधीचा, असे दोन-तीन ही आज्ञा स्वतःच राखून ठेवते. ती विनातक्रार पार पडली तर मोठे काम झाले.

पण आपल्या पत्रातील वर्णन पाहता ती अडण्याची शक्यता आहे. नव्या कर्नलचे काही भाग बसले आणि काही राहिले, की एपीटी हे सॉफ्टवेअर बसवणारे-काढणारे साधन म्हणते आधी अर्धवट काम पुरे करा, त्यासाठी ‘--फिक्स-ब्रोकन’ चालवा; ते चालवले की जागा नाही म्हणून तेही पडते; आणि जागा करायला गेले की पुन्हा आधी अर्धवट काम पुरे करा. दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर बसत नाही ते याच चक्रामुळे. ते तोडायचे तर सर्वांत जुन्या कर्नलची फक्त इनिटआरडी काढावी. समजा सर्वांत जुना क्रमांक ६.८.०-४०-जेनेरिक असा आहे आणि ‘यूनेम’ने दाखवलेला क्रमांक तो नाही, तर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -डी -के ६.८.०-४०-जेनेरिक’ अशी आज्ञा द्यावी. सत्तर-ऐंशी एमबी लगेच मोकळे होतील. ही फाईल कधीही पुन्हा तयार करता येते, म्हणून हा मार्ग मी सुचवतो. तेवढे पुरले नाही तर त्याच्यानंतरच्या जुन्या क्रमांकाचीही काढा. मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि ते झाल्यावर पुन्हा ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’.

शेवटी ‘एलएस -एलएच /बूट’ देऊन एकच गोष्ट तपासा: सर्वांत नव्या क्रमांकाची व्हीएमलिनझ आणि त्याच क्रमांकाची इनिटआरडी, दोन्ही आहेत का आणि इनिटआरडीचा आकार इतरांच्या आसपास आहे का. असेल तर ‘सुडो अपडेट-ग्रब’ देऊन खुशाल रीस्टार्ट करा.

एखादा जुना कर्नल ऑटोरिमूव्हच्या यादीत येतच नसेल तर कोणीतरी तो नावाने बसवला असणार. अशा पॅकेजला उबंटू ‘मालकाने मागितलेले’ समजतो आणि हात लावत नाही. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ या यादीत त्याचे नाव सापडेल आणि ‘सुडो एपीटी-मार्क ऑटो’ यापुढे ते नाव दिले की पुढच्या वेळी तोही यादीत येईल.

आपल्याला कोणी ‘ट्यून-टू-एफएस’ने राखीव पाच टक्के जागा सोडवून घ्यायला सांगेल. करू नका असे नाही, पण उपयोग नाही. ती जागा रूटसाठीच, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्यासाठीच, राखलेली असते आणि कर्नलचे अपडेट रूट म्हणूनच चालते. म्हणजे ती आधीच वापरून झालेली आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून माझे गाव भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ आहे. बूट भरले म्हणून मी ‘आरएम’ने चार जुने व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी थेट पुसून टाकले. संगणक सुरू होतो, पण ग्रबच्या मेनूत ते कर्नल अजून दिसतात. यातून काही बिघडले का?

उत्तर : चालू कर्नल त्या चारांत नव्हता, म्हणून बिघडले नाही. मात्र फायली गेल्या तरी पॅकेजची नोंद तशीच राहिली आहे. उबंटूच्या लेखी ते चारही कर्नल अजून बसलेले आहेत आणि त्यांचे मॉड्यूल (कर्नलसोबतचे ड्रायव्हर) मूळ पार्टिशनवर कित्येकशे एमबी अडवून बसले आहेत. ‘डीपीकेजी --लिस्ट’च्या यादीतून त्यांची पूर्ण नावे घ्या आणि ‘सुडो एपीटी पर्ज’ने ती पॅकेजेस रीतसर काढा, फाईल सापडली नाही अशी एखादी सूचना आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. ग्रबचा मेनू त्याच ओघात नव्याने तयार होतो, न झाल्यास ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. यादीत नावाआधी ‘आरसी’ अशी अक्षरे असलेल्या ओळी म्हणजे पॅकेज गेले, फक्त सेटिंग उरले. त्या बूटमधली जागा अडवत नाहीत.

प्रश्न : ‘डीएफ’च्या यादीत /बूट/ईएफआय असेही एक पार्टिशन दिसते. बूट भरले आहे, तर यातील मायक्रोसॉफ्ट नावाचे फोल्डर काढून जागा करता येईल का?
— एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. नावात बूट असले तरी ते वेगळे पार्टिशन आहे, उबंटूचे कर्नल तिथे राहत नाहीत, त्यामुळे तिथे मोकळी केलेली जागा बूटच्या कामी येणार नाही. ते फोल्डर काढल्याने एवढेच होईल की विंडोज सुरू व्हायचे बंद होईल.

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या संगणकावर अपडेट चालू असताना लाईट गेली. आल्यावर संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असे येऊन तो थांबतो. डिस्क गेली का? मुलांचे प्रकल्प त्यातच आहेत.
— शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : डिस्क गेलेली नसावी. या ओळीच्या शेवटी कंसात शून्य, शून्य असे आकडे असतील तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच की कर्नल उठला, पण डिस्कपर्यंत नेणारी इनिटआरडी त्याला मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली.

संगणक सुरू करताना जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेल्या यंत्रावर एस्केप एकदा दाबा. एस्केप दोन-तीनदा दाबले गेले तर मेनूऐवजी ग्रबची रिकामी ओळ येते. तिथे ‘नॉर्मल’ लिहून एंटर द्यावे. मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडले की कर्नलची यादी दिसेल. ज्यांपुढे रिकव्हरी असे लिहिलेले नाही, त्यांतला वरून दुसरा निवडा. संगणक नेहमीसारखा सुरू होईल. प्रकल्पांची नक्कल पेनड्राइव्हवर घेणे हे पहिले काम, बाकीचे नंतर.

नक्कल झाली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. अर्धवट राहिलेले काम तिथूनच पुढे चालू होते. ते निर्वेध संपले पण नव्या क्रमांकाची इनिटआरडी तरीही दिसत नसेल, तर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ यापुढे तो क्रमांक देऊन ती बनवून घ्या. फाईल आहे पण तिचा आकार संशयास्पद लहान आहे, असे असेल तर ‘-सी’च्या जागी ‘-यू’ लिहा. मात्र त्याआधी बूटमध्ये किती जागा आहे ते पाहून घ्या. ही आज्ञा असलेल्या फायलीवर थेट लिहीत नाही, शेजारी ‘.न्यू’ शेपटाची दुसरी फाईल पूर्ण तयार करते आणि मग नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवते. मध्येच लाईट गेली तरी आधीची फाईल शाबूत राहावी म्हणून ही काळजी घेतलेली आहे, पण तिची किंमत अशी की फाईल पुन्हा बनवायलाही तेवढीच मोकळी जागा लागते. भरलेल्या बूटवर ‘-यू’ चालवून काही मिळत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारच्या विजेचा भरवसा नसतो. कर्नलचे अपडेट यूपीएसवर किंवा सकाळी शाळा भरण्याआधी करावे. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असताना. डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर फारसे बिघडत नाही, पडद्यावर ‘सेटिंग अप’च्या ओळी येऊ लागल्यापासूनची काही मिनिटे तेवढी जपायची.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी वरुड तालुक्यात संत्र्याचे काम करते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून कार्यालयातील दोन जुन्या संगणकांवर उबंटू २४.०४ टाकायचे ठरवले आहे. तिसऱ्यावर ते पूर्वीपासून आहे आणि त्याचे बूट वारंवार भरते. नव्या दोघांना किती बूट ठेवावे आणि तिसऱ्याचे वाढवता येईल का?
— हिशेबनीस, जि. अमरावती

उत्तर : डिस्कला पासवर्ड लावणार नसाल तर वेगळे बूट पार्टिशन काढूच नका. कर्नल मूळ पार्टिशनमध्येच राहतील आणि हा प्रश्न उद्भवणार नाही. परंतु आपल्या संगणकांवर सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असणार, तेव्हा पासवर्ड लावावा असेच माझे मत आहे. आणि लावणार असाल तर बूटला २ जीबी द्या. आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा किरकोळ आहे आणि पुढे फर्मवेअर कितीही फुगले तरी बरीच वर्षे निभावेल. फेडोरा हे दुसरे लिनक्स वापरणाऱ्या वाचकांनीही बूटला एवढीच जागा द्यावी. तिथे एका वेळी तीनच कर्नल ठेवण्याची मर्यादा डीएनएफ या तिथल्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये मुळातच असते, त्यामुळे साठा आपोआप आवरला जातो.

तिसरा संगणक अवघड आहे. त्याच्या बूटला लागूनच कुलूपबंद पार्टिशन सुरू होते, म्हणजे बूट वाढवायचे तर ते पूर्ण पार्टिशन आतल्या मजकुरासह पुढे सरकवावे लागेल. त्याआधी ते आतून आकसून घ्यावे लागते, तेही तीन थरांत: फाईल सिस्टिम, एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी सांभाळणारा थर) आणि त्याबाहेरचे कुलूप. तासन्‌तास चालणाऱ्या या कामात लाईट गेली तर काय होईल, याचा विचार करा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण बॅकअप घेऊन उबंटू नव्याने टाकणे त्यापेक्षा कमी वेळाचे आणि कमी जोखमीचे आहे. बॅकअप तर दोन्ही मार्गांत घ्यावाच लागणार.

संत्र्याच्या हंगामात संगणक दोन दिवस अडकवणे परवडत नसेल तर तोवर इनिटआरडी लहान करून दिवस काढता येतील. ‘/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स’ या फोल्डरमध्ये इनिटरामएफएस डॉट कॉन्फ नावाची फाईल आहे. तिच्यात ‘कॉम्प्रेस’ या मोठ्या अक्षरांतील शब्दापुढे झेडएसटीडी हे फाईल दाबण्याच्या पद्धतीचे नाव असते, त्याऐवजी एक्सझेड ही दुसरी पद्धत लिहावी. फाईल बनायला वेळ जास्त लागतो, पण ती काहीशी आटोपशीर होते. त्याच फाईलमध्ये ‘मॉड्यूल्स’पुढील ‘मोस्ट’ बदलून ‘डेप’ केले तर ती फक्त त्याच संगणकाला लागणारे ड्रायव्हर घेते आणि आकार फारच उतरतो. हा दुसरा बदल मी आपल्याला सुचवणार नाही. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मदरबोर्ड जळाला की आपल्या भागात पहिला उपाय म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावणे, आणि ‘डेप’ने बनवलेली इनिटआरडी तिथे डिस्क ओळखेलच याची खात्री देता येत नाही.

एक्सझेड लिहून झाल्यावर आधी ऑटोरिमूव्ह चालवून जागा करा. मग ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के’ यापुढे एकेक क्रमांक देत फायली नव्याने बनवा, सर्वांत जुन्यापासून सुरुवात करून. पहिल्या फायलीनंतर एकदा रीस्टार्ट करून ग्रबमधून तोच कर्नल निवडा. तो पासवर्ड विचारून नीट सुरू झाला तरच बाकीच्यांना हात लावा.